सॅटा, सॅस आणि लिफ्टमधले वीगांड साहेब

गेल्या वर्षी मी एका इस्पितळाचे तीन मजले हरवले. चौथा, पाचवा आणि सहावा. तळमजला शाबूत होता, गच्ची शाबूत होती, मधलं काही नव्हतं. इस्पितळ अजून बांधलेलं नव्हतं, माझ्या संगणकातच होतं, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. पण सात आठवड्यांचं काम गेलं.

तिन्ही मजले एकाच फाइलमध्ये होते. मी सेव्ह केलं, पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असं आलं, मी जेवायला गेलो. परत येऊन फाइल उघडली तर आत पांढरं मैदान. बॅकअप होता. मदाम लोरिस तो दर शुक्रवारी नेमाने घ्यायच्या आणि दोन महिने नेमाने भलत्याच फोल्डरचा घेत होत्या. उस्ताज कमील यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आमच्याकडे आजही नऊ प्रतींमध्ये सुरक्षित आहेत.

उस्ताज कमील म्हणजे आमचे मालक; उस्ताज म्हणजे इकडचं ‘सर’. बैरुतच्या बदारो भागात एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्यांचं नकाशे काढायचं ऑफिस आहे. मदाम लोरिस तिथल्या हजेरीपासून कॉफीपर्यंत सगळं बघतात. मी, बासिल, तिथे भिंती काढतो.

“मी सेव्ह केलं होतं,” मी म्हणालो.

“सगळे असंच म्हणतात,” उस्ताज म्हणाले. “हे बघ, एक तर डिस्क चुकली किंवा तू चुकलास. डिस्कला मी पगार देत नाही. तेव्हा प्रार्थना कर की डिस्क चुकलेली असू दे.”

इस्पितळाचं काम जर्मनीतल्या एका कंपनीकडून आलं होतं. मजले हरवल्याचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एक पत्र पाठवलं. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली: नवीन यंत्रं घ्यायच्या आधी दोन प्रकारच्या डिस्कांची तुलना करून लेखी अहवाल द्यावा. वेग किती आणि भरवसा किती. दुसरी: मजले डिस्कने घालवले की माणसाने, याचा निकाल त्या अहवालावरून लागेल. माणसाने घालवले असतील तर त्या माणसाला पुढच्या कामावर ठेवू नये.

तो माणूस मी होतो. बैरुत लहान गाव आहे. तीन मजले हरवलेल्या माणसाला इथे दुसरं कुणी मजले देत नाही.

तुलनेसाठी अंत्रानिग काकांना बोलावलं. त्यांचं बुर्ज हम्मूदमध्ये दुकान आहे आणि गेली तीस वर्षं अर्ध्या शहराचे संगणक ते शिव्या देऊन दुरुस्त करतात. काका दोन डिस्का बगलेत मारून आले, एक भाकरीच्या पिशवीत आणि एक मखमली कापडात.

“ही सॅटा,” त्यांनी पिशवीतली टेबलावर ठेवली. “स्वस्त, पोट मोठं, जग वापरतं. आणि ही सॅस. तिप्पट महाग, पोट लहान, दुप्पट वेगाने फिरते, आवाज करते. बँकांमध्ये असते.”

“फरक काय?” उस्ताजांनी विचारलं.

“बोलण्याचा. डिस्कने संगणकाशी कसं बोलायचं याच्या या दोन रीती आहेत. सॅटाला सांगितलं, हे लिहून घे, की ती लगेच म्हणते ‘झालं’. झालेलं काही नसतं. तिने फक्त तळहातावर टिपून घेतलेलं असतं, सवडीने वहीत उतरवते. तुमच्या नळवाल्यासारखी. सॅस आधी वहीत लिहिते आणि मग ‘झालं’ म्हणते.”

“म्हणजे सॅटा खोटारडी?”

“मनमिळाऊ म्हणा. तिलाही खरं बोलायला लावता येतं, आत एक सेटिंग आहे. पण मग ती रुसते आणि रांगायला लागते.”

उस्ताजांनी दोन्ही डिस्कांकडे पाहिलं. “स्वस्तातली जिंकायला हवी,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “पण बासिलसाठी ती हरायलाही हवी. काका, दोन्ही जमेल असं काही करा.”

सोमवारी सकाळी चाचणी सुरू झाली. दोन सारखी यंत्रं शेजारी शेजारी, एकात सॅटा, एकात सॅस. दोन्हींवर तोच नकाशा, तोच छोटा प्रोग्राम: दर वीस सेकंदांनी नकाशात एक रेघ वाढवायची, सेव्ह करायचं, आणि डिस्क ‘झालं’ म्हणाली की त्या सेव्हचा नंबर माझ्या लॅपटॉपवर पाठवायचा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी. म्हणजे डिस्क काय म्हणाली ते लॅपटॉपला माहीत आणि तिने खरोखर काय केलं ते डिस्कवर. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, पाच दिवस.

काकांनी सुरुवातीलाच दोन्ही यंत्रांचे यूपीएस काढून टाकले.

“ते का?” मी विचारलं.

“परीक्षा डिस्कची आहे. आणि या यूपीएसच्या बॅटऱ्या मार्चमध्येच वारल्यात. आता ते फक्त शिट्टी मारतात. लाईट गेली हे सांगायला शिट्टी कशाला? डोळे आहेत की.”

वीज त्या आठवड्यात नेहमीसारखीच होती. आमच्याकडे दिवसाची तीन तास जाते आणि रोज तीन तास पुढे सरकते: आज नऊला, उद्या बाराला, परवा दुपारी तीनला, तेरवा पहाटे सहाला, मग पुन्हा नऊला. गेली की अर्ध्या मिनिटात गल्लीतल्या जनरेटरवाल्याची सुरू होते. परत येतानाही तसाच एक झटका बसतो. हे मी आत्ता तुम्हाला सांगितलं. अहवालात लिहिलं नाही. अहवालाच्या तिसऱ्या पानावर छापलेलं होतं: ‘चाचणी नेहमीच्या परिस्थितीत घ्यावी. काही असाधारण घडल्यास वेळेसह नोंदवावे.’ त्याखाली मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: असाधारण काही घडले नाही. सूर्य मावळला हेही मी लिहिलं नव्हतं.

निकाल मात्र चोख लिहिले. सेव्ह करायला सॅटाला दोन सेकंद, सॅसला पाच. फाइल उघडायला सॅस पुढे. दोन-तीन कामं एकदम दिली तर सॅस बरीच पुढे, सॅटा गोंधळायची. आठवड्यात आठ वेळा यंत्रं बंद पडून पुन्हा सुरू झाली. त्यांपैकी सहा वेळा सॅटाने ‘झालं’ म्हणून सांगितलेले शेवटचे दोन-तीन सेव्ह तिच्याकडे नव्हते. एकदा तर लॅपटॉपवर सातशे बारा आणि डिस्कवर सातशे नऊ. सॅसने एकदाही काही घालवलं नाही. आठही वेळांचा तक्ता जोडला. मदाम लोरिस काहीही पाठवताना त्याला आणखी काहीतरी जोडल्याशिवाय पाठवत नाहीत, म्हणून त्यांनी त्या आठवड्याची हजेरीही जोडली.

मी निर्धास्त झालो. डिस्क खोटं बोलते हे आकड्यांनी दिसत होतं. त्या रात्री मी दोन शवर्मा खाल्ले.

चार दिवसांनी उत्तर आलं, अकरा पानांचं. कंपनीत भरवशाच्या चाचण्या तपासणारे कुणी वीगांड म्हणून साहेब होते. त्यांनी आमचा तक्ता घेऊन आलेख काढला होता. सोमवारी नऊ आणि बारा. मंगळवारी बारा आणि तीन. बुधवारी तीन. गुरुवारी नऊ. शुक्रवारी पुन्हा नऊ आणि बारा. ‘यंत्रे बंद पडण्याच्या वेळा अत्यंत नियमित असून दररोज तीन तासांनी सरकतात,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत असे कधी पाहिले नाही.’ मग त्यांनी एकेक कारण तपासलं होतं. उष्णता: नाही, बुधवारी थंड होतं. समुद्राची भरती-ओहोटी: नाही, ती रोज पाऊण तासाने सरकते, आणि चौथ्या मजल्यावर तिचा संबंध नाही. शेवटी प्रश्न होता: ‘या वेळांना आपल्या कार्यालयात काय होते?’

उस्ताजांनी मोठ्याने वाचलं आणि आमच्याकडे पाहिलं. “काय होतं?”

आम्ही विचार केला. खरोखर केला. मी, मदाम लोरिस आणि उस्ताज, तिघांनी खिडकीबाहेर बघत एक मिनिट विचार केला.

“काही नाही,” मी म्हणालो.

“लिहा,” उस्ताज म्हणाले, “काही विशेष होत नाही.”

मदाम लोरिसना ते कोरडं वाटलं. त्यांनी खाली लिहिलं: ‘आम्ही कॉफी घेतो.’ ते खरं होतं. काम थांबलं की त्या गॅसवर कॉफी ठेवतात.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं: कॉफीच्या यंत्राची क्षमता किती वॉट?

‘आम्ही गॅसवर करतो,’ मदाम लोरिसनी कळवलं. ‘वेलची घालून.’

त्यानंतर आठवडाभर काही नाही. मग जे आलं ते एका पानाचं होतं. वीगांड साहेबांनी गॅस, समुद्र आणि हवामान यांची नावं खोडली होती. एकच कारण उरलं होतं: माणसाचा हात. आठही वेळी ऑफिसात हजर असलेली व्यक्ती, हजेरीपत्रकाप्रमाणे, फक्त एक होती. बासिल. मदाम लोरिस दोनदा बँकेत गेल्या होत्या, उस्ताज साइटवर होते, अंत्रानिग काका लहर लागेल तेव्हा येत. आणि डिस्कवर ठपका यावा अशी गरजही एकालाच होती. बासिललाच.

‘माझ्या सूत्राप्रमाणे,’ पुढे होतं, ‘येत्या गुरुवारी दुपारी बरोबर बारा वाजता यंत्रे बंद पडायला हवीत. मी त्या वेळी स्वतः हजर राहीन. चाचणी चालू ठेवावी. सदर व्यक्तीने साडेअकरापासून दोन्ही हात टेबलावर ठेवून बसावे.’

“काय माणूस आहे,” उस्ताज कौतुकाने म्हणाले. “गुरुवारी बाराला. हे त्याला तिकडे बसून कसं कळलं?”

“सूत्राने,” मी म्हणालो. मी माझे हात बघत होतो.

मला खरंच कळलं नव्हतं. घाबरलेला माणूस स्वतःचे हात बघतो, दिव्याकडे बघत नाही.

गुरुवारी साडेअकराला मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलो. दोन्ही यंत्रं चालू होती, लॅपटॉपवर नंबर येत होते. अंत्रानिग काका समोर बास्तुरमा, म्हणजे मसाला लावून सुकवलेलं मांस, घातलेला पाव खात बसले होते.

“बोटं पसर,” ते म्हणाले. “नखंही दिसू देत. नखांनी प्लग काढलास म्हणतील.”

“काका, माझी नोकरी जातेय.”

“नोकरी गेली तर दुकानात ये. पण माझ्याकडे हात हलवावे लागतात.”

बाराला तीन मिनिटं असताना जिन्याच्या बाजूने घरघर ऐकू आली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. अशा दिवशी पावणेबारानंतर आमच्या इमारतीत कुणी लिफ्टला हात लावत नाही. जनरेटरवर लिफ्ट चालत नाही. तळमजल्यावरचा शिंपी म्हणतो, मी लिफ्ट वापरत नाही तर तिच्या जनरेटरचा वाटा मी का देऊ, आणि ही बैठक गेली सहा वर्षं चालू आहे.

“कुणीतरी परका आहे,” मदाम लोरिस म्हणाल्या.

घरघर हळूहळू वर येत राहिली. मग खोलीतला दिवा गेला, यंत्रं थांबली, शेजारच्या ऑफिसातला यूपीएस शिट्टी मारायला लागला आणि जिन्याच्या बाजूला काहीतरी धप्पकन थांबलं. मी हात टेबलावरच ठेवले होते. कुणी बघत नव्हतं.

“हॅलो?” भिंतीतून आवाज आला.

आम्ही बाहेर आलो. वॉचमनने किल्ली आणून चौथ्या मजल्याचं बाहेरचं दार उघडलं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली होती. आतल्या जाळीमागे, आमच्या फरशीच्या पातळीला, एक टाय होता. त्यावर चष्मा लावलेलं डोकं आणि खाली काळोख.

“वीगांड,” डोकं म्हणालं. जाळी सरकवून त्यांनी हात बाहेर काढला. उस्ताज कमील गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तो हलवला.

“अहलन, अहलन, या, या,” उस्ताज सवयीने म्हणाले.

“काय झालं?”

“बारा झाले,” मदाम लोरिस म्हणाल्या.

“ते मला माहीत आहे. लिफ्टला काय झालं?”

“लाईट गेली.”

“का गेली?”

“आज बाराचा वार आहे.”

वीगांड साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “कुणी घालवली?”

“सरकारने,” उस्ताज म्हणाले. “कोण घालवणार? तीनला देतील परत.”

“म्हणजे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“साहेब, हे शहराला माहीत आहे. गल्लीतल्या कुत्र्यांना माहीत आहे.”

“आणि उद्या?”

“उद्या तीनला जाईल.”

“त्या सोमवारी, पहिल्या दिवशी?”

“नऊला.”

“मंगळवारी बाराला. बुधवारी तीनला. गुरुवारी पहाटे सहाला, आणि नऊला परत आली,” ते आता आम्हाला विचारत नव्हते. खालच्या काळोखात कागद चाळल्याचा आवाज आला.

“अकरा पानं,” ते हळूच म्हणाले.

मला त्यांची दया आली. स्वतःचीही आली, कारण तोपर्यंत माझ्याही डोक्यात प्रकाश पडला होता.

“अहवालात हे का लिहिलं नाही?”

उस्ताज अवघडून म्हणाले, “तुम्ही असाधारण विचारलं होतं.”

अंत्रानिग काका पुढे आले. “साहेब, दोन्ही हात वर करा, आम्ही ओढून घेतो. परवा शिंप्याच्या सासूला असंच काढलं.”

“नाही,” वीगांड साहेब म्हणाले. “दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टमधून बाहेर पडणं नियमात बसत नाही. मी तीनपर्यंत थांबेन.”

“तीन तास?”

“माझ्याजवळ काम आहे.” त्यांची नजर माझ्यावर आली. “हा बासिल?”

मी नकळत दोन्ही हात पुढे केले.

“वीज जाते, हे मान्य,” ते म्हणाले. “म्हणजे यंत्रं तू बंद केली नाहीस. पण सेव्ह केलेलं हरवतं की नाही, हे अजून फक्त तुझा लॅपटॉप सांगतोय. लॅपटॉप तुझा आहे. प्रोग्राम तू चालवलास. मजले हरवले त्या दिवशी तू सेव्ह केलंस, हेही तूच सांगतोस. मला स्वतःला बघायचंय.”

तेव्हा आम्ही ऑफिस जिन्यात हलवलं. मदाम लोरिसनी फ्रिज बंद केला, नाहीतर गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून मिळणाऱ्या पाच अँपिअरमध्ये हे बसलं नसतं. काकांनी जनरेटरच्या विजेची वायर दारातून बाहेर काढली आणि दोन्ही यंत्रं लिफ्टसमोर स्टुलांवर मांडली. एक पडदा, एक कीबोर्ड आणि माउस फरशीवर, साहेबांच्या हनुवटीच्या समोर. येणाजाणाऱ्यांनी जिना वापरताना वायर ओलांडली आणि सलाम केला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खालच्या फटीतून विचारलं, आत कोण आहे. वॉचमनने सांगितलं, जर्मन आहे, काम करतोय. त्यांनी त्याला कॉफी पाठवली. कॉफी कुठून द्यायची यावर थोडी चर्चा झाली. शेवटी वरूनच दिली.

आधी सॅटा. नवीन नकाशा उघडला. साहेबांनी एक हात बाहेर काढून माउस धरला.

“काय काढू?”

“काहीही काढा,” काका म्हणाले. “दिसेल असं.”

त्यांनी एक खोली काढली, चार भिंती. सेव्ह करून ती नीट बसू दिली. मग समोरच्या भिंतीत दार काढलं. मन लावून काढलं, बिजागऱ्यांसकट.

“आता मी सेव्ह करतो. पडद्यावर ‘झालं’ आलं की लगेच वीज तोडायची. बासिलने नाही. तुम्ही.”

काकांनी प्लग धरला. साहेबांनी बटण दाबलं. दोन सेकंदांनी पडद्यावर आलं: सेव्ह झालं. काकांनी प्लग ओढला. पडदा काळा झाला.

यंत्र पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं लागली. नकाशा उघडला. खोली होती. दार नव्हतं. चारही भिंती सलग.

वीगांड साहेब लिफ्टमधून त्या खोलीकडे बघत राहिले.

“मी दाबलं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत ना? ‘झालं’ असं आलं होतं. मी दाबलं होतं!”

“साहेब,” अंत्रानिग काका समजुतीच्या सुरात म्हणाले, “सगळे असंच म्हणतात.”

सातदा केलं. सॅटाने पाच दारं घालवली, दोन ठेवली. दर वेळी ‘झालं’ म्हणाली. मग सॅस. ती ‘झालं’ म्हणायला पाच सेकंद घ्यायची आणि साहेबांचं बोट टेकून टेकून दुखायला लागायचं, पण सातही दारं होती तिथेच होती. साहेबांनी वेळा लिहून घेतल्या. भिंतीला वही टेकवून उभ्याने लिहीत होते. मधेच काकांनी त्यांना बास्तुरमाचा पाव दिला. त्यांनी तो आधी हुंगला, मग खाल्ला, मग दुसरा मागितला.

अडीचच्या सुमारास त्यांनी माझी फाइल काढली. म्हणजे माझ्यावरची.

“एक उरलं,” ते म्हणाले. “डिस्क शेवटच्या क्षणाचं घालवते. फार तर एका मिनिटाचं. त्याच्या आधीचं तिने उतरवून घेतलेलं असतं. मोठी फाइल सेव्ह होताना जुनी पुसून सगळी नव्याने लिहिली जाते, तेव्हाच वीज गेली तर सगळीच जाते; पण तुझी फाइल नेमकी त्या एका मिनिटात सापडावी, हा फारच मोठा योगायोग आहे. दिवसाचे नऊ तास असतात. तू सेव्ह कधी केलंस?”

“बाराला. एखादा सेकंद इकडे तिकडे.”

“बाराला का?”

“लाईट जाणार होती म्हणून.”

त्यांनी मान तिरकी केली. “पुन्हा सांग.”

“बाराला लाईट जाणार होती. ती जायच्या आत सेव्ह करायचं असतं. सगळे करतात. पाच मिनिटं आधी करावं तर मधलं काम राहून जातं, म्हणून अगदी शेवटी करतो. मी घड्याळ बघत होतो. अकरा एकोणसाठ झाले, थोडं थांबलो, एक भिंत पूर्ण केली आणि दाबलं.”

“तुम्हीही असंच करता?” त्यांनी उस्ताजांना विचारलं.

“अर्थात. लाईट जायच्या आत सेव्ह केलेलं बरं असतं.”

“मदाम?”

“मी तर बोट ठेवूनच बसते,” मदाम लोरिस म्हणाल्या.

वीगांड साहेबांनी पानं उलटली. हरवलेल्या फाइलची वेळ त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होती, यंत्राने नोंदलेली. बारा वाजायला दोन सेकंद कमी. त्याच्याभोवती त्यांनी लाल वर्तुळ काढून प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. आता ते खोडलं.

“म्हणजे या शहरातले सगळे लोक,” ते सावकाश म्हणाले, “दिवसभरातला एकच धोक्याचा क्षण शोधून काढतात, त्याची वाट बघतात आणि त्या क्षणी सेव्ह करतात.”

“काळजीपोटी,” उस्ताज म्हणाले.

“सात आठवडे एका फाइलमध्ये ठेवलेस ती तुझी चूक,” ते मला म्हणाले. “पण सेव्ह तू केलं होतंस.”

मी मान हलवली. तेवढं एक वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी चार महिने थांबलो होतो. ते म्हणणारा माणूस छातीपर्यंत फरशीत होता, तरी चाललं.

तीनला लाईट आली. लिफ्ट हलली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तेवढ्यात खालून बटण दाबलं होतं, त्यामुळे साहेब आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली गेले आणि बाईंना तळमजल्यावर सोडून चार मजले जिन्याने चढून आले. हात धुतले, खुर्चीवर बसले आणि निकाल लिहिला. मजले डिस्कने घालवले. माणसाला कामावरून काढायचं कारण नाही. नकाशे काढणाऱ्यांच्या यंत्रांना सॅस घ्यावी. ते परवडत नसेल तर सॅटाला आधी लिहून मग ‘झालं’ म्हणायला लावावं आणि वेग कमी होईल हे गृहीत धरावं. यूपीएसच्या बॅटऱ्या जिवंत असाव्यात. आणि सेव्ह तास भरायच्या दहा मिनिटं आधी करावं.

यांतल्या शेवटच्या कलमावर ऑफिसात खूप हसले.

उस्ताजांनी किमती बघितल्या आणि एकच सॅस घेतली. ती मला दिली, कारण निकालात माझं नाव होतं. बाकीच्या सहा यंत्रांत सॅटा, खरं बोलणारी. आता बाकीच्यांना प्रत्येक सेव्हला बारा-बारा सेकंद थांबावं लागतं. तेवढा वेळ ते माझ्याकडे बघतात. पलीकडच्या टेबलावरची हनान पहिल्या आठवड्यात म्हणाली, “बासिल, तू नोकरी सोडली असतीस तर काय झालं असतं रे?” ती गमतीत म्हणाली असावी.

कंपनीने त्यानंतर आपल्या छापील नमुन्यात एक नवीन प्रश्न घातला: ‘आपल्याकडे वीज जाते का?’ पुढच्या कामाच्या वेळी तो आमच्याकडे आला. उस्ताज कमील यांनी त्यापुढे लिहिलं: ‘नाही. फक्त नेहमीची.’ मदाम लोरिसनी ते खोडून वेळापत्रक जोडलं, आणि लग्नाचा एक फोटो.

निकालाचं पत्र आलं त्या दिवशी उस्ताजांनी मला आत बोलावलं. पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, खणात ठेवलं.

“मोकळा झालास,” ते म्हणाले. “अभिनंदन.”

“शुक्रन, उस्ताज.”

“आता ते तीन मजले पुन्हा काढ.”

सध्या चौथा चालू आहे. बाळंतिणींचा विभाग झाला, एक्स-रेची खोली व्हायची आहे. प्रत्येक मजल्याची फाइल वेगळी. एक भिंत झाली की मी सेव्ह करतो, डिस्क पाच सेकंद घरघरते, मी तेवढं थांबतो, आणि मग पुढची भिंत घेतो.